चिकटा

भाकरीवरचे तीळ चालतात, हे मला दुसऱ्या घासाला कळलं. पहिला घास तोवर पोटात गेला होता.

त्या दिवशी येळवस होती. आमच्या उमरगा भागात या अमावस्येला गावं ओस पडतात, सगळी माणसं शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत पाच दगड चुन्याने रंगवून पांडव म्हणून मांडायचे, सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, भाकरी आणि आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा, आणि मग वाटेने जाणाऱ्यालासुद्धा हाताला धरून जेवायला बसवायचं. शेवटी घरधनी आंबिलीचं मडकं घेऊन पिकाभोवती फिरतो आणि "ओलगे ओलगे" असं ओरडत ज्वारीवर आंबील शिंपडतो. आंबील म्हणजे ताकात आंबवलेलं ज्वारीचं पीठ. धरणीमायचं डोहाळजेवण म्हणतात या सणाला.

मी किड्यांची डॉक्टर आहे. गोचीड, हुमणी, बोंडअळी, काय वाट्टेल ते मी हातावर घेऊन फिरले आहे. किळस हा शब्द माझ्या कोशात नाही, अशी फुशारकी मी पुण्यात मारायची. त्या दिवशी ती फुशारकी घासासकट घशात अडकली. भाकरीवर ज्वारीचा पिवळट मावा होता. भज्जीवर होता. वाढणाऱ्या बाईच्या पदरावर होता, तिच्या कपाळावरच्या कुंकवात रुतलेला होता. वारा आला की कोपीच्या दारातून पंख फुटलेला मावा भुसा उडाल्यासारखा आत यायचा आणि उघड्या आंबिलीवर साय धरायचा. दादाची बायको, महानंदावहिनी, चमच्याने ती साय बाजूला सारत होती आणि वाढत होती.

"खा की लीला," ती म्हणाली. "किती दिवसांनी आलीस. ह्यो मेला मावा काय आता पाहुणा न्हाई, घरचाच झालाय."

मी पान बाजूला सारलं आणि कोपीमागे जाऊन ओकले.

मी तिथे येळवशीच्या हौसेने गेलेच नव्हते. मला कंपनीने पाठवलं होतं, आणि कशासाठी ते मी अजून दादाला सांगितलं नव्हतं. माझी कंपनी सस्यप्राण. तिचं नाव झालं ते 'पर्णसखा' नावाच्या जंतूमुळे. हा जंतू पानाच्या आत राहतो, हवेतला नत्र ओढतो आणि झाडाला भरवतो. युरियाची गोणी नको, खताची पाळी नको, पाऊसपाण्याची वाट बघायला नको. पीक असं काळंभोर हिरवं होतं की रस्त्यावरचा माणूस गाडी थांबवून बघतो. आणि आपल्याकडे पीक रस्त्यावरूनच पारखतात. हिरवं दिसलं की पोर बाळसं धरल्यासारखे सगळे खूश.

एवढं हिरवं कुणाला आवडतं, हे विचारायचं काम माझं होतं. मी विचारलंही होतं. किडा साखरेसाठी पीक खातो असं लोकांना वाटतं. पण माव्यासारखा रस शोषणारा किडा खरा उपाशी असतो तो नत्रासाठी. झाडाच्या रसात साखर रग्गड, नत्र चिमूटभर. त्या चिमटीसाठी तो दिवसभर रस ओढत राहतो आणि नको असलेली साखर मागल्या दाराने टाकून देतो. तीच पानावर पडते, तिला आपण चिकटा म्हणतो. उपासमार हाच माव्यावरचा लगाम. आता त्या रसात तुम्ही नत्र ओतला तर काय होईल? मावा नराची वाट बघत नाही. आई सरळ जिवंत पोरीच टाकते, आणि जन्मतानाच त्या पोरींच्या पोटात त्यांच्या पोरी वाढत असतात. शिवाय नत्र खाऊन फुगलेलं पान लुसलुशीत होतं, त्याची साल पातळ होते, झाडाची स्वतःची कडू औषधं कमी पडतात. पानाचं पंगतीचं ताट होतं.

आमचे संशोधनप्रमुख डॉ. टिळेकर तेव्हा हसले होते. "मॅडम, मर्यादित क्षेत्र आहे. कुलूप लावलंय आपण."

कुलूप असं, की पर्णसख्याला दर पंधरवड्याला एका सौम्य आम्लाचा खुराक मिळाला तरच तो टिकतो. नाहीतर गुपचूप मरतो. खुराक फक्त कंपनीच्या बाटलीतून मिळणार. शिवाय खूण म्हणून जंतूत एक चमक घातलेली, अंधारात निळी बत्ती मारली की तो नारिंगी दिसतो. दोन वर्षांपूर्वी ज्या शेतांत चाचणी झाली त्यात दादाचं एक वावर होतं. मीच सुचवलं होतं ते. चाचणी संपली, धान्य कंपनीने उचलून नेलं, सगळं शांत झालं.

आणि या हंगामात उमरग्यापासून निलंग्यापर्यंत, कुणीही बाटली विकत न घेता, ज्वारी काळीभोर हिरवी झाली. मागोमाग मावा आला. त्यामागे चिकटा आणि चिकट्यावर काजळीची बुरशी. मी बसमधून उतरले तेव्हा पहिल्यांदा वास आला, उसाच्या शिळ्या रसाचा, नासलेला, अंगाला लपेटणारा. रस्त्यावर चप्पल चिकटत होती. विजेच्या तारांवर मुंग्या चालत होत्या. म्हशी काळा पडलेला कडबा हुंगून मान फिरवत होत्या आणि एकमेकींची चिकट पाठ चाटत होत्या. पोरांची डोकी भादरली होती, कारण केसांत कंगवा फिरत नव्हता.

टिळेकरांचा निकाल ठरलेला होता. "जंतू चोरीला गेलाय. तुमच्या भावानेच नेलाय. त्याने उचलून गावोगाव विकला असणार. तुम्ही तिथल्या आहात, नमुने घ्या आणि तसं लिहून द्या. पुढचं पोलीस बघतील." तीन-चार वाक्यांत माझ्या भावाला त्यांनी चोर केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर संन्याशाची बहीणच बोलवावी, ही त्यांची हुशारी.

चूळ भरून मी परत कोपीत आले. दादा, म्हणजे मल्लिकार्जुन, पांडवांपुढे नारळ फोडत होता. आई गेल्यावर यानेच मला शिकवलं. मी त्याला बाहेर बोलावलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

त्याच्या भुवईवर एक मावा चालत होता, तो त्याने पुसलासुद्धा नाही.

"म्हंजे तू माझी झडती घ्यायला आलीस," तो म्हणाला.

"तसं नाही दादा..."

"मग कसं? नमुने घेऊलालीस की न्हाई? घे. घर बघ, कणगी बघ. माझ्या खिशात बघ."

"दादा, एक गोष्ट खरी सांग. चाचणीतलं काहीच ठेवलं नव्हतंस?"

त्याने कोपीकडे पाहिलं. आतून वहिनीने उत्तर दिलं. "पायलीभर ज्वारी म्या ठिवली व्हती. पहिल्या राशीचं माप लक्ष्मीपुढं ठिवतेत, त्येवढंच. ती लक्ष्मी रिकामी कशी धाडायची गं कंपनीकडं? गेल्या येळवशीची आंबील त्याच पिठाची केली."

"आणि बियाण्याला?"

"बियाण्याला एक दाणा न्हाई. देवाशप्पथ."

पायलीभर ज्वारीने जिल्हा हिरवा होत नाही. खुराक कुठून मिळाला? वहिनीने कोपीत बोलावलं, "आंबील तर घे गं, उपाशी नगं राहूस." मी आत वाकले. कोपीत अंधार होता आणि आंबिलीवरची साय मला दिसू नये असं वाटत असतानाच बघायची खोड सुटत नव्हती. किती मावा पडलाय ते बघावं म्हणून मी गळ्यातली बत्ती मडक्यावर धरली. बत्ती निळी होती, कंपनीचीच.

मडकं काठोकाठ नारिंगी झालं.

पान एवढं चमकताना मी कधी पाहिलं नव्हतं. इथे अख्खं मडकं निखाऱ्यासारखं दिसत होतं. वहिनीने तोंडावर पदर घेतला. मी तिथूनच टिळेकरांना फोन लावला.

"सर, खुराकातलं आम्ल नेमकं कोणतं?"

"ते गोपनीय आहे."

"सर, कोणतं?"

"लॅक्टिक," ते शेवटी म्हणाले. "स्वस्त पडतं. का?"

लॅक्टिक आम्ल म्हणजे दह्याताकातला आंबटपणा. सुक्या दाण्यात निजून राहिलेला जंतू वहिनीच्या ताकात जागा झाला होता. नाकाने कांदे सोलणाऱ्या त्या सगळ्या विद्वानांनी जंतूला असं कुलूप घातलं होतं, ज्याची किल्ली घरोघरी शिंक्यात टांगलेली होती. मला त्यांची किळस आली. माव्याची आली नव्हती इतकी आली.

एवढ्यात बाहेर आरोळी उठली, "ओलगे ओलगे!" दादाने रागाच्या भरात दुसरं मडकं उचललं होतं आणि तो बांधाने चालू लागला होता. कडुलिंबाच्या डहाळीने ज्वारीवर आंबील शिंपत होता. मी धावले. ज्वारी अंगावर घासत होती, चिकट पानं गालाला चिकटून सुटत होती, तोंड उघडलं की मावा आत जात होता. मी त्याचा दंड धरला.

"दादा, थांब! हेच पसरवतंय. आंबीलच पसरवतेय."

"आता आंबील चोर झाली?"

"गेल्या वर्षी तू हीच शिंपडलीस. उरलेली वहिनीने वाटली. बायकांनी त्यातूनच घरी दही लावलं असणार, आणि ते विरजण माहेरी-सासरी गावोगाव गेलं असणार. आणि यंदा पहिला चिमूटभर मावा दिसला तेव्हा तुम्ही काय फवारलंत?"

त्याचा हात खाली आला. "आंबट ताक," तो म्हणाला. "सगळेच मारतेत की. माव्यावर ताकच मारतेत."

ते खरंच होतं. ताकाची फवारणी हा सगळ्यांना ठाऊक असलेला घरगुती उपाय. मावा दिसला की ताक, ताक मिळालं की जंतू माजला, जंतू माजला की रसात नत्र, नत्र आला की आणखी मावा, मग आणखी ताक. माणसं आपल्या हाताने रोगाला दूध पाजत होती, आणि पाजताना देवाचं नाव घेत होती.

दादाने मडकं खाली ठेवलं. पण चारी बाजूंच्या वावरांतून "ओलगे ओलगे" ऐकू येत होतं, बांधाबांधावर हात हलत होते आणि उन्हात आंबिलीचे थेंब उडताना दिसत होते. ते थांबवायला मी किती धावणार होते?

संध्याकाळपर्यंत मी अहवाल लिहून धाडला. चोरी झालेली नाही, जंतू दह्यातून पसरतो, घरोघरीचं विरजण उकळून नष्ट केलं तर पुढल्या हंगामात तो मरेल. टिळेकरांना तो बिलकूल आवडला नाही, पण चोरीच्या खटल्यात कुलपाचं गुपित फुटलं असतं, त्यापेक्षा विरजणाला जबाबदार धरणं कंपनीला सोयीचं होतं, म्हणून त्यांनी तो उचलून धरला. दादावरचं बालंट टळलं.

राहिलं विरजण. ते गावाला सांगायची जबाबदारी माझ्यावर आली. बायका मारुतीच्या पारावर जमल्या आणि मी शास्त्र सांगितलं. मग एक म्हातारी म्हणाली, "विरजण मागायला आलेल्या बाईला न्हाई म्हणू नये म्हणतेत. आन् तू आमालाच वतून टाका म्हणूलालीस." तरी त्यांनी ऐकलं. चिकट्याने सगळ्यांना जेरीस आणलं होतं. दुसऱ्या दिवशी चुलीचुलीवर दही उकळत होतं, आणि फाटलेल्या दुधाच्या आंबूस वाफेने आधीच्या वासात भर घातली.

वहिनी मात्र दह्याचं गाडगं मांडीवर घेऊन न्हाणीपाशी बसून राहिली. शेजारचा कढीपत्ता कंबरेएवढा असायचा, तो आता भिंतीवर गेला होता. वहिनी रोज ताकाचं भांडं विसळून ते पाणी त्याला घालायची, आईही घालायची.

"ह्ये आत्याबाईंचं, तुज्या आईचं हाय," ती म्हणाली. "त्येंनी मला लग्नात दिलं. रोज त्यातलंच थोडं ठिवून लावत आले. तुजी आई गेली तवा तिची एकबी गोष्ट न्हाई मागितली म्या. ह्येच व्हतं माझ्याकडं."

आईच्या हातचं काहीच तर उरलं नव्हतं. ना लुगडं, ना धड फोटो. तिच्या हाताची चव तेवढी या गाडग्यात दर रात्री नव्याने लागत होती.

"वहिनी, टाकावं लागेल," मी म्हणाले.

तिने डोळे पुसले आणि एकदम माझ्याकडे बघून हसली. "तुझ्याकडं हाय की गं! मागल्या संक्रांतीला डबा भरून न्हेलीस. लागतंय का तिकडं चांगलं?"

"लागतं ना. शेजारणी मागून नेतात. खालच्या दमयंतीबाई तर म्हणतात, असं घट्ट दही पुण्यात मिळत नाही."

"मग ऱ्हाऊ दे तुझं. सगळं निवळलं की म्या येते आन् चमचाभर न्हेते."

मी नाही म्हणायला हवं होतं. मागल्या संक्रांतीचं विरजण म्हणजे गेल्या येळवशीनंतरचं, आंबिलीच्या चमच्यावाटे जंतू शिरलेलं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पण मी मनाशी म्हटलं, पुण्यात कुठे ज्वारी आहे? पर्णसखा ज्वारीखेरीज कशात टिकत नाही, असं टिळेकरांनी छापून दिलंय. येळवशीच्या दिवशी ज्या माणसाची मला किळस आली होती, त्याच्या वाक्यावर मी आनंदाने विश्वास ठेवला, कारण ते वाक्य मला हवं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

वहिनीने गाडगं उकळत्या पाण्यात पालथं केलं.

पुण्याला आल्यावर मी रोज दही लावत राहिले. आईची आठवण काढत खात राहिले. गावाकडून बातमी चांगली येत होती. ज्वारी काढून जाळली, मावा ओसरला, दादा फोनवर नीट बोलू लागला. उन्हाळा लागला तशी वहिनी न कळवता एकदम दारात उभी राहिली. हातात रिकामा डबा, चेहऱ्यावर लग्नाला आल्यासारखा आनंद.

"आले बग विरजण न्यायला!" ती म्हणाली आणि पदराने हात पुसू लागली. "काय गं तुमच्या खालच्या गाड्या! जरा टेकले तर हात चिकटून बसला. कुणी गूळ सांडलाय का काय?"

तो वास मला आता आठवला, लिफ्टपाशी गेले काही दिवस येणारा, उसाच्या शिळ्या रसाचा. मी त्याला कचऱ्याचा वास समजून नाक दाबून चढत होते.

मी गॅलरीत गेले. माझा कढीपत्ता कुंडीत मावत नव्हता. काळाभोर हिरवा, आल्यागेल्याला कौतुकाने दाखवावा असा. मी पान उलटलं. पानामागे मावा एवढा दाटीने बसला होता की हिरवं दिसतच नव्हतं, आणि तो सगळा एका लयीत हलत होता. ओढणी डोक्यावर घेऊन अंधार केला आणि बत्ती धरली. पान नारिंगी झालं.

ज्वारीखेरीज कुठे टिकत नाही म्हणे. रोज ताकाचं भांडं विसळून मीच त्याला खुराक घातला होता. आईने घातला तसा, वहिनीने घातला तसा.

वहिनी माझ्यामागे येऊन उभी होती. तिने काही विचारलं नाही. एक पान तोडलं, जिभेला लावलं आणि गॅलरीच्या कोपऱ्यात थुंकली. मग आत जाऊन तिने फ्रिज उघडला, दह्याचं पातेलं काढलं आणि पाणी गॅसवर ठेवलं.

"वहिनी, आईचं..."

"तुजी आई असती तर तिनं मला सांगायच्या आदी वतलं असतं," ती म्हणाली. "गावाला उकळायला लावलंस आन् घरी ऱ्हाऊ दिलंस. तुलाच न्हाई, मलाबी लाज वाटूलालीय. म्याच म्हणले ऱ्हाऊ दे."

उकळत्या पाण्यात दही पडलं, फाटलं, वर तरंगलं. आई तेवढीच उरली होती, आणि आता तीही गेली. मी ओट्याला टेकून रडले. रडतानाही तो वास नाकात येत होता, आणि स्वतःचीच किळस येत होती.

वहिनीने रिकामं पातेलं नळाखाली धरलं, कडेला लागलेलं दही बोटाने सोडवलं, पाणी घोळवलं. जन्मभराच्या सवयीने ती ते घेऊन गॅलरीकडे निघाली आणि उंबऱ्यात थबकली. मी तिच्या खांद्यावरून खाली पाहिलं. मजल्यामजल्यावर कुंड्या होत्या, तुळशी, जास्वंदी, कढीपत्ते, सगळे काळेभोर हिरवे. खालच्या गॅलरीत दमयंतीबाई, माझ्याकडून नेलेल्या विरजणाच्या ताकाचं भांडं विसळून, कढीपत्त्याला पाणी घालत होत्या. मान वर करून त्या हसल्या.

"बघितलंत? काय माजलाय ना!" त्या म्हणाल्या.

वहिनी पातेलं घट्ट धरून तशीच उभी होती.

"लीला," तिने हळूच विचारलं, "मग ह्ये पाणी कुठं टाकू?"